बायोफिल्म आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न भरणारी जखम, कृत्रिम सांध्याचा संसर्ग, पुन्हा पुन्हा फुटणारा कान, वर्षानुवर्षे कफ सोडणारे फुप्फुस. या सगळ्यांत रुग्णाला एकच कोडे पडते: शरीर लढते आहे, औषधेही चालू आहेत, मग जंतू जात का नाहीत? पुढचे प्रश्न त्या कोड्याभोवतीचे आहेत. इथे फक्त यंत्रणा समजावून सांगितली आहे. कोणाला कोणते उपचार द्यायचे हे तपासणारे डॉक्टरच ठरवतील.

बायोफिल्म म्हणजे नेमके काय?

जिवाणू एखाद्या पृष्ठभागाला किंवा एकमेकांना चिकटतात, भोवती चिकट द्रव्य सोडतात आणि त्यातच राहू लागतात. असा समूह म्हणजे बायोफिल्म. हे चिकट द्रव्य, म्हणजे मॅट्रिक्स, बहुतांशी पाणीच असते. पाण्याचा वाटा ९७ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. उरलेल्यात लांब साखळ्यांच्या शर्करा, प्रथिने, मेद आणि बऱ्यापैकी डीएनए असतो. पाणी काढून वजन केले तर खुद्द जिवाणूंचा वाटा अनेकदा दहा टक्क्यांहूनही कमी भरतो.

पाठ्यपुस्तकातल्या चित्रात पृष्ठभागावर उगवलेले छत्रीसारखे मनोरे दिसतात. रुग्णाच्या शरीरात मात्र तसे क्वचितच आढळतात. सिस्टिक फायब्रोसिस या घट्ट कफ साचवणाऱ्या आनुवंशिक आजारात फुप्फुसात, किंवा जुनाट जखमेत, हे जिवाणू कफात, पुवात आणि ऊतींत विखुरलेल्या लहान लहान गुठळ्यांच्या रूपात असतात. त्यांचा आकार साधारण ५ ते २०० मायक्रोमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

हा शोध अलीकडचा आहे का?

निरीक्षण जुने, समज नवी. सूक्ष्मदर्शकाने जिवाणू पाहणाऱ्या डच लेवेनहूकने दातांवरच्या किटणातले जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, त्यांच्यावर व्हिनेगर वापरून पाहिले आणि १६८४ साली छापलेल्या पत्रात नोंदवले की व्हिनेगरने फक्त बाहेरचे जीव मेले, ते किटणाच्या आतपर्यंत पोहोचलेच नाही. त्यानंतर प्रयोगशाळांनी बराच काळ चंबूत मोकळे पोहणारे जिवाणूच अभ्यासले, कारण ते हाताळायला सोपे. १९७० च्या दशकात डॅनिश डॉक्टर नील्स हॉइबी यांनी सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांच्या कफात स्यूडोमोनास या जिवाणूचे पुंजके दाखवले. १९७८ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बिल कॉस्टर्टन यांनी जिवाणू मुळात चिकटून राहणारे जीव आहेत, हे ठासून मांडले. लसी, प्रतिजैविके आणि प्रतिकारशक्तीबद्दलचे आपले बरेचसे ज्ञान मोकळ्या जिवाणूंवर बेतलेले आहे. ते बायोफिल्मला लावायला गेले की फसते, त्याचे हे मोठे कारण.

पांढऱ्या पेशी बायोफिल्मपर्यंत पोहोचूच शकत नाहीत, असे वाचले. खरे का?

नाही. बायोफिल्मला भिंत किंवा किल्ला म्हणण्याची सवय इतकी पक्की झाली आहे की हा गैरसमज सगळीकडे दिसतो. संसर्ग झालेल्या ऊतीचा काप पाहिला तर जिवाणूंच्या गुठळीभोवती न्यूट्रोफिलांचा, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, गराडा दिसतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या बायोफिल्मवरून माणसाच्या पांढऱ्या पेशी वाहू दिल्या, तेव्हा त्या चिकटल्या, आतही शिरल्या. पण जिवाणूंना गिळण्याचे काम त्यांना नीट जमले नाही.

म्हणजे अडथळा पोहोचण्याचा नाही, पुढचे काम तडीला नेण्याचा आहे. या पानावरच्या बहुतेक उत्तरांचे मूळ याच एका गोष्टीत आहे.

पोहोचल्यावर त्या जिवाणूंना गिळत का नाहीत?

पहिले कारण अगदी साधे आहे: तोंडापेक्षा घास मोठा. न्यूट्रोफिलचा व्यास १२ ते १५ मायक्रोमीटर, एकट्या जिवाणूचा सुमारे एक. एकटा जिवाणू सहज गिळला जातो. गुठळी पाच मायक्रोमीटरच्या पुढे गेली की गिळणे अवघड होत जाते, आणि वर सांगितल्याप्रमाणे रुग्णाच्या शरीरातल्या गुठळ्या याच्या कितीतरी पट मोठ्या असू शकतात. त्यातून ती गुठळी हाडात बसवलेल्या धातूला किंवा कॅथेटरला (शरीरात घातलेल्या नळीला) चिकटलेली असेल, तर ती उचलून घेण्याचा प्रश्नच उरत नाही.

गिळता येत नाही म्हणून न्यूट्रोफिल गप्प बसत नाही. त्याच्या आत विकरांनी (एन्झाइमांनी) भरलेल्या पिशव्या असतात. एरवी जिवाणू आत घेतल्यावर त्या आतल्या आत रित्या होतात. इथे आत काहीच आलेले नसताना त्या बाहेर रित्या होतात. पेशी पृष्ठभागावर पसरते, विकर आणि तीव्र ऑक्सिडंट भोवताली सांडते आणि थकते. त्यातला काही भाग जिवाणूंना लागतो, पण मॅट्रिक्समधल्या शर्करा बरेचसे ऑक्सिडंट वाटेतच निष्प्रभ करतात. स्यूडोमोनासची अल्जिनेट नावाची शर्करा यात विशेष तरबेज.

दुसरे कारण: बायोफिल्म स्वतःही मारते. स्यूडोमोनासचे जिवाणू रासायनिक संकेतांवरून आपली दाटी किती झाली हे ओळखतात. या पद्धतीला कोरम सेन्सिंग म्हणतात. दाटी पुरेशी झाली की ते रॅम्नोलिपिड नावाचे साबणासारखे रेणू सोडतात. त्यांच्या टप्प्यात आलेला न्यूट्रोफिल फुटून मरतो. ज्या जिवाणूंमध्ये ही संकेतव्यवस्था मोडलेली असते, त्यांच्या बायोफिल्मवर न्यूट्रोफिल कितीतरी चांगला हल्ला करतात.

तिसरे कारण सहसा सांगितले जात नाही, पण मला ते सगळ्यांत रोचक वाटते. ऑक्सिडंट तयार करायला न्यूट्रोफिलला ऑक्सिजन लागतो. सिस्टिक फायब्रोसिसच्या कफात जो ऑक्सिजन संपतो, त्यातला बराचसा हे न्यूट्रोफिलच वापरून टाकतात. परिणामी गुठळीभोवती ऑक्सिजनच उरत नाही. तिथले जिवाणू मग संथ वाढू लागतात, आणि संथ वाढणाऱ्या जिवाणूवर बहुतेक प्रतिजैविके नीट चालत नाहीत. थोडक्यात, हल्ला करणाऱ्या पेशीच जिवाणूंना औषधापासून वाचवणारी परिस्थिती तयार करतात.

प्रतिपिंडे (अँटीबॉडी) आणि रक्तातली, जंतूंवर खूण करणारी कॉम्प्लिमेंट प्रथिने काय करतात? ती तर आकाराने लहान असतात.

लहान असतात, मॅट्रिक्समध्ये शिरूही शकतात. पण त्यांचे काम जिवाणूवर खूण करण्याचे, आणि ती खूण पांढऱ्या पेशीला दिसावी लागते. कॉम्प्लिमेंटचा सी३बी हा तुकडा खोल मॅट्रिक्सखाली बसला, तर न्यूट्रोफिलच्या ग्राहकाला, म्हणजे खूण ओळखणाऱ्या प्रथिनाला, तो सापडत नाही. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसच्या बायोफिल्मबाबत तर उलटसुलट चित्र दिसते: ती कॉम्प्लिमेंटला मोकळ्या जिवाणूंपेक्षा जास्त चेतवते, पण प्रत्यक्ष जिवाणूंवर सी३बी कमी बसतो. दाह वाढतो आणि नेम मात्र चुकतो. स्यूडोमोनासची पीएसएल ही शर्करा आणि अल्जिनेटवरचे अ‍ॅसिटिल गट सी३बी चिकटणे कमी करतात. त्याच जिवाणूची काही विकरे कॉम्प्लिमेंटची प्रथिने चक्क कापून टाकतात.

अँटिमायक्रोबियल पेप्टाइडचे काय?

ही शरीराने तयार केलेली छोटी, धन विद्युतभार असलेली प्रथिने. ऋण भाराचे अल्जिनेट आणि डीएनए त्यांना वाटेतच धरून ठेवतात. स्टॅफिलोकॉकसची पीआयए ही शर्करा स्वतः धनभारित असल्यामुळे त्यांना दूर ढकलते. शिवाय मॅट्रिक्समधला डीएनए मॅग्नेशियम बांधून ठेवतो. मॅग्नेशियम कमी पडले हे स्यूडोमोनासला जाणवते आणि ते आपल्या बाहेरच्या आवरणात असे बदल करते की पेप्टाइड नीट चिकटतच नाहीत.

मॅट्रिक्समध्ये डीएनए कुठून येतो?

काही जिवाणूंचा, काही आपलाच. २००२ मध्ये असे दिसले की डीएनए तोडणारे डीएनेज हे विकर टाकले तर स्यूडोमोनासची कोवळी बायोफिल्म विरघळते. त्याआधी हा डीएनए म्हणजे मेलेल्या पेशींचा कचरा, असेच अनेकांना वाटत असे.

आपला डीएनए येतो तो न्यूट्रोफिलांकडून. मरताना न्यूट्रोफिल आपला डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतो आणि त्यावर जिवाणूनाशक प्रथिने चिकटलेली असतात. या जाळ्यांना नेट म्हणतात. मोकळे जिवाणू त्यात अडकतात. बायोफिल्मच्या बाबतीत हाच डीएनए जिवाणूंच्या गुठळीला आधार देऊ शकतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियसने तर त्याचा वेगळाच उपयोग शोधला आहे: त्याचे न्यूक्लिएज विकर जाळे तोडते, दुसरे एक विकर त्या तुकड्यांपासून डीऑक्सिअ‍ॅडेनोसिन बनवते आणि ते मॅक्रोफेजना, म्हणजे जंतू गिळणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, मारते. हे २०१३ मध्ये उंदरांतल्या गळवांवर दाखवले गेले. न्यूट्रोफिलांनी भरलेल्या गळवाच्या गाभ्यात मॅक्रोफेज का फिरकत नाहीत, याचा उलगडा त्यातून झाला.

मॅक्रोफेजही निष्प्रभ होतात का?

त्यांचा रोख बदलतो. मॅक्रोफेज साधारण दोन प्रकारे वागू शकतात: जंतू मारायचे, किंवा दाह आवरून ऊती दुरुस्त करायच्या. उंदरांत स्टॅफिलोकॉकस ऑरियसची बायोफिल्म असली की ते दुसऱ्या वळणावर जातात. जे गुठळीत शिरतात, त्यांतले बरेच जिवाणूंच्या विषांनी मरतात. शिवाय कृत्रिम सांध्याच्या संसर्गाच्या उंदरांतल्या नमुन्यांमध्ये प्रतिकार दाबणाऱ्या अस्थिमज्जेतल्या अपरिपक्व पेशी मोठ्या संख्येने जमा होतात आणि आयएल-१० हा दाह शमवणारा संदेश सोडतात. भोवती तंतुमय ऊती तयार होतात. शरीराने जणू भांडण मिटल्याचे मानलेले असते, जिवाणू मात्र तिथेच असतात.

ताप नाही, सीआरपी (दाह दाखवणारी रक्तचाचणी) नॉर्मल, पांढऱ्या पेशीही नॉर्मल. तरी संसर्ग असू शकतो का?

असू शकतो, आणि याच कारणाने निदानाला उशीर होतो. क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा त्वचेवरचा जिवाणू खांद्याच्या कृत्रिम सांध्यात ठाण मांडतो, तेव्हा अनेकदा फक्त दुखणे आणि आखडलेपण एवढेच असते. रक्ताचे रिपोर्ट निर्मळ येतात. कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, तो वाढायला १४ दिवसांपर्यंत लागू शकतात. पाचव्या दिवशी प्लेट फेकून दिली तर उत्तर "जंतू नाहीत" असेच मिळणार.

कल्चर चुकण्याचे दुसरे कारण म्हणजे जिवाणू द्रवात नसून पृष्ठभागाला चिकटलेले असतात. यावर उपाय म्हणून काढलेला कृत्रिम सांधा द्रवात ठेवून त्यातून अल्ट्रासाउंड लहरी सोडतात आणि सुटून आलेले जिवाणू वाढवतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीने ७८.५ टक्के संसर्ग पकडले गेले. नेहमीच्या ऊतींच्या कल्चरने ६०.८ टक्के.

मग शरीराचे नुकसान कोण करते, जिवाणू की प्रतिकारयंत्रणा?

जुनाट बायोफिल्म संसर्गात बरेचसे नुकसान प्रतिकारयंत्रणेच्या हातून होते. याचे सगळ्यांत नीट अभ्यासलेले उदाहरण म्हणजे सिस्टिक फायब्रोसिसचे फुप्फुस. तिथे स्यूडोमोनासविरुद्ध प्रतिपिंडे भरपूर असतात. तरी ज्यांच्यात ती जास्त, त्यांची प्रकृती चांगली असे चित्र दिसत नाही. उलट मोठ्या प्रमाणातली प्रतिपिंडे वाईट लक्षण ठरली. प्रतिपिंड आणि जिवाणूंचे अंश यांचे गोळे फुप्फुसात साचतात, ते आणखी न्यूट्रोफिल ओढतात, न्यूट्रोफिल एलास्टेज हे विकर सांडतात आणि ते श्वासनलिकांच्या भिंती झिजवते. हेच एलास्टेज न्यूट्रोफिलच्या अंगावरचे, खुणा ओळखणारे ग्राहकही कापते. म्हणजे पुढच्या तुकडीची नजर आधीच्या तुकडीने अधू करून ठेवलेली असते.

त्याहून पुढची गोष्ट. स्यूडोमोनासच्या बायोफिल्मवर थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड सोडले, म्हणजे न्यूट्रोफिल सोडतात तसेच, तर त्यातून अल्जिनेट भरमसाट बनवणारे जिवाणू निपजतात. त्यांच्यातला जनुकबदल रुग्णांच्या फुप्फुसातल्या जिवाणूंत सापडणाऱ्या बदलासारखाच निघाला. हल्ला अर्धवट राहिला की तो शत्रूला घडवतो, हे १९९९ मधल्या या प्रयोगाने स्पष्ट दाखवले.

शरीरात बसवलेली वस्तू असली की संसर्ग इतका सहज का होतो?

कारण त्या वस्तूजवळ पांढऱ्या पेशींची ताकद आधीच खर्ची पडलेली असते. १९५७ मध्ये एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकॉकस टोचून पाहिला. (आज कुठलीही नीतिसमिती असा प्रयोग मंजूर करणार नाही.) नुसत्या त्वचेत पू व्हायला काही दशलक्ष जिवाणू लागत, रेशमी टाका असला की शंभराच्या आसपासही पुरत. १९८२ मध्ये वेर्नर झिमरली आणि सहकाऱ्यांनी गिनिपिगमध्ये पोकळ जाळीदार नळ्या बसवल्या. तिथे १०० जिवाणूंनी जवळजवळ सगळ्या नळ्यांत संसर्ग झाला. नळी नसताना १० कोटी टोचूनही गळू झाले नाही. नळीभोवतीचे न्यूट्रोफिल तपासले, तर त्यांची मारण्याची क्षमता घटलेली होती. न गिळता येणाऱ्या वस्तूशी झटून ते जिवाणू येण्याआधीच रिते झाले होते.

प्रतिजैविके चालत नाहीत, याचा प्रतिकारशक्तीशी काय संबंध?

फार जवळचा. १९४४ मध्ये जोसेफ बिगर यांनी दाखवले की पेनिसिलिनने स्टॅफिलोकॉकसची सगळी वसाहत मरत नाही, दहा लाखांत साधारण एक जिवाणू उरतो. तो औषधाला जनुकीय दृष्ट्या प्रतिरोधक नसतो, फक्त निपचित असतो. औषध थांबले की त्याची पिल्ले पुन्हा औषधाने मरतात. साध्या संसर्गात असे उरलेले जिवाणू पांढऱ्या पेशी टिपतात आणि माणूस बरा होतो. बायोफिल्ममध्ये ही शेवटची सफाई होत नाही. गोळ्या चालू असेपर्यंत बरे वाटते, थांबल्या की काही आठवड्यांत दुखणे परत येते, त्यामागे बहुधा हेच असते. म्हणून लॅबच्या रिपोर्टमध्ये "सेन्सिटिव्ह" लिहिलेले औषधही हरते: ती चाचणी मोकळ्या जिवाणूंवर केलेली असते.

लघवीचा संसर्ग परत परत होतो, त्यातही बायोफिल्म असते का?

कॅथेटर असेल तर जवळजवळ नक्कीच. कॅथेटर नसेल तर ई. कोलाय या जिवाणूची एक वेगळी खोड आहे: तो मूत्राशयाच्या अस्तरातल्या पेशींच्या आत शिरून बायोफिल्मसारख्या दाट वसाहती करतो. पेशीच्या आत असल्याने न्यूट्रोफिल आणि बरीच औषधे दोन्हींपासून तो बचावतो.

शरीराकडे बायोफिल्मविरुद्ध काहीच नाही का?

आहे, आणि ते मुख्यतः बायोफिल्म बनण्याआधी चालते. अश्रू, लाळ आणि दुधातले लॅक्टोफेरिन लोह पळवते. लोह कमी पडले की स्यूडोमोनास एका जागी बसण्याऐवजी पृष्ठभागावर सरकत राहते आणि गुठळी बनत नाही. एलएल-३७ हे पेप्टाइड, जिवाणू मारायला लागते त्याहून फार कमी प्रमाणातही बायोफिल्म बनणे रोखते.

बनलेल्या बायोफिल्मला शरीर निदान कोंडून ठेवू शकते. २०१९ मध्ये उंदरांच्या डोळ्यांवर केलेल्या प्रयोगात कॉन्टॅक्ट लेन्सवरून आलेल्या स्यूडोमोनासच्या बायोफिल्मभोवती न्यूट्रोफिलांनी नेटचा पट्टा उभारला. बायोफिल्म मेली नाही, पण जिवाणू मेंदूकडे जाऊ शकले नाहीत. याला हार म्हणायचे की जीत? माझ्या मते ही तडजोड आहे, आणि बऱ्याच रुग्णांचा जीव अशाच तडजोडीवर टिकलेला असतो.

प्रतिकारशक्ती वाढवणारी औषधे किंवा काढे घेऊन उपयोग होईल का?

वर लिहिलेले वाचल्यावर उत्तर ओळखता येईल. जिथे न्यूट्रोफिल आधीच गर्दी करून ऊती झिजवत आहेत, तिथे आणखी न्यूट्रोफिल पाठवून काय साधणार? या रुग्णांत उणीव हल्ल्याच्या जोराची नसते. मधुमेहात साखर ताब्यात ठेवणे, धूम्रपान सोडणे, जखमेचा रक्तपुरवठा सुधारणे यांचा फायदा खरा आहे. डबीवर "इम्युनिटी" छापलेल्या वस्तूंचा या बाबतीत नाही.

लस आहे का?

बायोफिल्मसाठी खास अशी वापरात असलेली लस नाही. मोकळा जिवाणू आणि बायोफिल्ममधला जिवाणू पृष्ठभागावर वेगवेगळी प्रथिने दाखवतात, आणि फुप्फुसाच्या उदाहरणात पाहिले तसे, प्रतिपिंडे भरपूर असणे पुरेसे नसते.

मग उपचार कशाने होतो?

मुख्यतः हाताने. जखमेतला मृत भाग खरवडून काढणे, सांधा उघडून धुणे, गरज पडल्यास बसवलेली वस्तू काढणे, कॅथेटर बदलणे. दातांवरचे किटण तर रोजच ब्रशने घासून काढावे लागते. कोणतेही माउथवॉश ते काम पूर्णपणे करत नाही. गुठळ्या फुटल्या की उरलेले जिवाणू लहान आणि उघडे पडतात, न्यूट्रोफिलला गिळता येतात आणि औषधालाही सापडतात.

औषधांत रिफॅम्पिसिनचे स्थान वेगळे आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हाडांतल्या वस्तूंच्या स्टॅफिलोकॉकस संसर्गात, वस्तू न काढता, सफाईनंतर दीर्घकाळ औषधे दिली. पूर्ण कोर्स घेतलेल्यांत सिप्रोफ्लॉक्सासिनसोबत रिफॅम्पिसिन असलेले १२ पैकी १२ बरे झाले. नुसते सिप्रोफ्लॉक्सासिन घेतलेले १२ पैकी ७. संख्या लहान आहे, आणि संसर्ग ताजा व वस्तू घट्ट बसलेली असलेलेच रुग्ण निवडले होते, हे विसरू नये. अशा संसर्गात रिफॅम्पिसिन एकटे मात्र देत नाहीत, कारण त्याला प्रतिरोध फार लवकर येतो.

बायोफिल्म विरघळवणारे औषध आले तर प्रश्न सुटेल का?

अर्धाच. डीएनेज सिस्टिक फायब्रोसिसमध्ये १९९० च्या दशकापासून श्वासावाटे दिले जाते आणि कफ पातळ करते. मॅट्रिक्सची शर्करा कापणारे डिस्पर्सिन बी किंवा जिवाणूंना विखुरायला लावणारे नायट्रिक ऑक्साइड यांवर संशोधन चालू आहे. पण विखुरलेले जिवाणू कुठेतरी जाणारच. ते एकदम मोठ्या संख्येने रक्तात उतरले, तर थंडी वाजून ताप येणे, प्रसंगी रक्तात संसर्ग पसरणे शक्य आहे. म्हणून गुठळी फोडणारे औषध देताना प्रतिजैविक रक्तात आधीच पुरेशा प्रमाणात असायला हवे. सुटे झालेले जिवाणू काही काळ औषधाला आणि पांढऱ्या पेशींना तुलनेने सहज सापडतात. तेवढ्या वेळात ते मारले गेले नाहीत, तर दुसरीकडे चिकटून पुन्हा मॅट्रिक्स सोडू लागतात.